रबराचा मासा केवढा हवा

"या की जिताडा खायला," असं यमुनाबाई फोनवर बोलून गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरात जिताडा नाही, हाउन्सलोत जिताडा नाही, आणि अख्ख्या विलायतेच्या पाण्यात औषधालासुद्धा जिताडा नाही.

पण त्यांचा इलाज नव्हता. पलीकडून लेस्टरहून विहीणबाई बोलत होत्या. मधुमतीबाई, म्हणजे सून निवेदिताच्या आई, तिथे मुलाकडे राहणाऱ्या. पुण्याच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. साधा नमस्कार केला तरी तो वही तपासून परत दिल्यासारखा देतात. त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या अजयने परवा तळ्यावर जाऊन ट्राउट पकडला हो, स्वतःच्या हाताने! तुमच्याकडे बाई ते फ्रोझनच. तुमचा तरी काय नाइलाज म्हणा."

हा 'नाइलाज' यमुनाबाईंच्या घशात काट्यासारखा अडकला. त्या अलिबागकडच्या. वडिलांच्या तळ्यात जिताडे पोसलेले असायचे, आणि मामलेदारापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांची मनं त्या जिताड्यांनी जिंकलेली. शाळेशी त्यांचं तिसरीतच फिसकटलं होतं (चूक शाळेची होती), पण माशाच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"तळ्यातला मासा आम्ही आजाऱ्याला देतो, विहीणबाई," त्या म्हणाल्या होत्या. "माझा उदय समुद्रावर जातो. आखाडातल्या शेवटच्या रविवारी या, श्रावण लागायच्या आत. ताजा जिताडा वाढते. गळाचा!"

उदय हीथ्रोवर कार्गोत कामाला होता. आयुष्यात त्याने एकदाच काही पकडलं होतं, ते म्हणजे गोवर.

"आई, तू काय प्रॉमिस करून बसलीस?" त्याने कपाळाला हात लावला. "मला फिशिंग येत नाही. मला रॉड कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही."

"धरलास की कळेल. घोड्यावर बसवलं तेव्हा तुला घोडा कुठे माहीत होता? लग्न झालंच ना?"

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, अधिक महिना आल्यामुळे श्रावण सरकत सरकत पार ऑगस्टच्या मध्याला जाऊन टेकला होता. तेवढी देवाची कृपा. श्रावणात या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे त्याच्या आधीचा रविवार जगबुडी जवळ आल्यासारखा जेवायचा, ही ठाकुरांच्या घरची रीत. आता ती तारीख काही हलणार नव्हती. चंद्र काही कौन्सिलचा नोकर नव्हता, की पत्र टाकून मुदत वाढवून मागावी. रविवारी ताटात समुद्रातला मासा दिसला पाहिजे, नाहीतर विहीणबाई जन्मभर 'नाइलाज, नाइलाज' म्हणत फ्रोझन सुरमईची विचारपूस करणार.

शेजारच्या केनने मार्ग दाखवला. हा निवृत्त बस ड्रायव्हर. त्याला 'ठाकूर' म्हणता येत नसे, म्हणून तो यमुनाबाईंना 'मिसेस टी' म्हणे. यमुनाबाईंना ते आवडत नसे, पण त्याच्या कुंपणावरून येणारे टोमॅटो आवडत. केन म्हणाला, तुमच्या वर्णनाचा मासा इथे एकच. बास. उन्हाळ्यात ससेक्सच्या किनाऱ्याला येतो, चंदेरी, काट्याच्या पाठीचा, मिजासखोर.

यमुनाबाईंनी मासळीवाल्याकडे जाऊन बर्फावर पडलेला एक बास निरखून पाहिला. तोंड पाहिलं, पाठ पाहिली, कल्ला उचलून पाहिला. "जिताड्याचा गोरा चुलतभाऊ," त्यांनी निकाल दिला. "चालेल."

मग लायसन्स. उदयला कुणीतरी सांगितलं, मासे धरायला पोस्टातून लायसन्स काढावं लागतं. मायलेक जाऊन रांगेत उभे राहिले. खिडकीतली बाई हसून म्हणाली, नदीतळ्याला लागतं, समुद्राला काही लागत नाही. उदय 'थँक यू' म्हणून वळला, पण यमुनाबाई जागच्या हलेनात.

"लागत नाही असं लिहून द्या म्हणावं."

"आई, जे लागतच नाही, ते लिहून कसं देतील?"

"म्हणूनच! या देशात कुत्रा बागेत बसला तरी दंड आहे, आणि अख्खा समुद्र मोकळा सोडलाय? उद्या धरतील तेव्हा दाखवायला काय आहे आपल्याकडे?"

मागे रांग खोकायला लागली. इंग्रज माणूस भांडत नाही, खोकतो. शेवटी यमुनाबाईंनी समोरच्या स्टँडवरून सरकारी शिक्का असलेलं एक पत्रक स्वतःच उचललं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. ते टीव्हीच्या लायसन्सचं होतं. असेना. कागद तो कागद.

खरा घोळ झाला तो दुकानात. गळाचं सामान विकणारं ते दुकान पाहून यमुनाबाईंना आधी वाटलं, खेळण्यांच्या दुकानात आलो. भिंतभर रबराचे मासे टांगलेले. हिरवे, गुलाबी, चकचकीत, मऊ, लिबलिबीत, शेपट्या हलवणारे. तीन इंचांचे, चार इंचांचे, पाचाचे, सहाचे. खरा किडा नाही, खरी कोळंबी नाही, सगळा रबराचा कारभार.

"म्हणजे माशाला फसवायचं?" त्यांनी विचारलं.

"फिशिंग म्हणजे तेच असतं, आई."

त्यांनी एक पाकीट उघडून वास घेतला आणि चमकल्या. बडीशेप! रबराला चक्क बडीशेपेचा वास मारलेला. "कमाल आहे बाई यांची. आधी जेवण तरी वाढा, मग मुखवास द्या."

दुकानदाराने विचारलं, साइझ कुठला? एवढाच त्याचा प्रश्न. पण या प्रश्नाने पुढचे कितीतरी दिवस ठाकुरांच्या घरात कुणाला सुखाने चहा पिऊ दिला नाही.

केनचं म्हणणं, तीन इंच. उन्हाळ्यात किनाऱ्याला बारक्या मासोळ्यांचे थवे येतात, बास त्यांच्या मागे असतो. तो जे खातोय तेवढंच त्याच्यासमोर धरा. महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार ज्ञानेश्वर देव यांचं म्हणणं, सहा इंच. देवांनी गळ कधी हातात धरला नव्हता, पण त्यांच्याकडे ब्रॉडबँड होतं. इंटरनेटवरच्या कोळ्यांच्या चर्चेची चळत छापून आणून त्यांनी ती डायनिंग टेबलावर आदळली. "वहिनी, बिग बेट, बिग फिश! हा पोर्ट्समथचा माणूस बघा काय म्हणतो!" त्याच चळतीत दोन पानं पुढे दुसऱ्या कुणीतरी पोर्ट्समथच्या माणसाला गाढव म्हटलं होतं, पण तेवढं पान देवांनी खाली सरकवलं. निवेदिता, जी बँकेत रिस्क का काहीतरी बघते, म्हणाली, "चार किंवा पाच घ्या ना. मधलं." तिचं सगळंच मधलं असतं. वरणातलं तिखटसुद्धा.

यमुनाबाईंना इंच कळत नव्हते आणि कळून घ्यायचेही नव्हते. त्यांचं माप बोटांचं. तीन इंची रबर त्यांनी मधल्या बोटाशी लावून पाहिलं. बोटापेक्षा तेच तोकडं.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे समुद्रात टाकायचं? विहीणबाईंसाठी? मासा हसेल आपल्याला. पाहुणा बोलवायचा आणि पानात शेंगदाणा वाढायचा, ही कुठली रीत? वीतभर तरी हवं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. ज्याला भूक आहे तो येईल, ज्याला नाही तो जाईल दुसऱ्याच्या ताटात."

"आई, माशाचं तोंड केवढं असतं ते तरी..."

"तुझं केवढं आहे? अख्खा मोदक जातोच ना?"

मोठी रबरं आली. मधली आली, निवेदिताचं मन राखायला. बारीक एकही आलं नाही. केनने मात्र कुंपणावरून उदयच्या हातात एक तीन इंची चंदेरी रबर ठेवलं आणि डोळा मारला.

इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं. पण यमुनाबाईंच्या डोक्यातून ती बडीशेप जाईना. कुठल्या समुद्रात बडीशेप पिकते? माशाला वास हवा तर माशाचा हवा. त्यांनी सुकट भाजायला घेतली. सुकट भाजली की अलिबागला अख्खी आळी भाकऱ्या थापायला बसते. हाउन्सलोत धुराचा अलार्म किंचाळला, निवेदिताचा ऑफिसचा फोन चालू होता तो तिने टॉयलेटमध्ये नेला, आणि केन बागेचा पाइप घेऊन दारात हजर झाला.

"इज इट अ फायर, मिसेस टी?"

"नो फायर. लंच. फॉर फिश," यमुनाबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

सुकटीचं कूट, तेल, हळद, मीठ. सगळी रबरं त्यात नीट घोळवून त्यांनी एका देखण्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात भरली आणि डबा मुरायला खिडकीत उन्हात ठेवला. लोणचं असंच मुरतं. पण लोणच्याला कैरी लागते, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. संध्याकाळी उदय कामावरून आला तेव्हा रबरं वितळून एकमेकांच्या गळ्यात पडली होती. हिरवा गुलाबीत, गुलाबी निळ्यात, शेपट्या भलतीकडे, डोळे भलतीकडे, आणि त्या सगळ्यांनी मिळून डब्याचा तळ खाऊन खिडकीच्या कट्ट्यावर बैठक मारली होती.

निवेदिता बराच वेळ त्या गोळ्याकडे पाहत राहिली. "आई, हा डबा माझ्या आईने दिला होता."

"मग बघ, कसल्या दर्जाचा दिलाय," यमुनाबाई तत्क्षणी म्हणाल्या.

मनातून मात्र त्या खचल्या होत्या. बोलून दाखवणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, पण रात्रीचं जेवण त्यांनी वाढलं आणि कुणाला आग्रह केला नाही, त्यावरून घराने काय ते ओळखलं.

नवी वीतभर रबरं आली आणि पहिली स्वारी ससेक्सला निघाली. किनारा म्हणजे नुसते गोटे. वाळू नाही, नारळ नाही, भेळवाला नाही. साडीवर उदयचं जुनं जाकीट चढवून यमुनाबाई घडीच्या खुर्चीत बसल्या. उदयने रॉड डोक्यावरून मागे नेला, पुस्तकात दाखवलं होतं तसा, आणि झटक्यात पुढे फेकला. गळ गेला, पण एकटा गेला नाही. यमुनाबाईंचा पदर बरोबर घेऊन गेला.

पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. साडी नऊवार नव्हती हे नशीब, आणि पाचवार होती हे दुर्दैव. उदय रीळ फिरवून पदर सोडवायला गेला तो साडी आणखी ओढली गेली. एक इंग्रज म्हातारं जोडपं थर्मासातला चहा पीत होतं. ती बाई पुढे येऊन अतिशय अदबीने म्हणाली, "लव्हली कलर."

"थँक यू," यमुनाबाई म्हणाल्या. एका हाताने निऱ्या, दुसऱ्या हाताने गळ. मराठी बाईची अब्रू कशी सांभाळली जाते हे ससेक्सने त्या दिवशी पाहिलं.

मासा म्हणाल तर एकही नाही. वीतभर रबरं एकेक करून खडकात अडकली आणि तिथेच राहिली.

"भूक नव्हती त्यांना," परतताना गाडीत यमुनाबाई म्हणाल्या.

मग आला शेवटचा शनिवार. उद्या विहीणबाई येणार. पहाटेच निघून मायलेक पुन्हा त्याच गोट्यांवर उभे. दुपारपर्यंत उरलेली मोठी रबरं संपली, मधली संपली, उदयचा धीर संपला. भरती चढू लागली. इतक्यात उदयला आठवलं, पार्किंगची वेळ पुन्हा भरत आली. तिथल्या कौन्सिलचा नियम असा की दोन तासांनी गाडी काढायची आणि त्याच जागी लगेच परत आणायची नाही. म्हणजे मासा येवो न येवो, गाडीला फिरायला न्यायचीच. त्याने आईकडे पाठ करून खिशातलं केनचं चंदेरी रबर गळाला लावलं, पाण्यात फेकलं, आणि रॉड आईच्या हातात दिला.

"नुसती धर. दोरी हळूहळू गुंडाळत राहा. मी आलोच."

"काय लावलंस रे?"

"आहे ते लावलंय," असं म्हणून तो पळाला.

यमुनाबाईंनी रीळ फिरवून पाहिलं. ते त्यांना उलटं वाटलं, म्हणून त्यांनी सोडून दिलं आणि रॉड केरसुणीसारखा धरून उभ्या राहिल्या. मनात उद्याचा स्वयंपाक चालला होता. मासा नाही मिळाला तर काय? वालाचं बिरडं? पण मग बिरड्याची वाटी पुढे ओढत विहीणबाई म्हणणार, 'असू दे हो, नाइलाज...'

हिसका बसला. असा बसला की चप्पल गोट्यात राहिली आणि यमुनाबाई दोन पावलं पुढे.

रीळ वगैरे गेलं खड्ड्यात. त्यांनी रॉड खांद्यावर टाकला, समुद्राकडे पाठ केली, आणि विहिरीवरून भरलेली घागर ओढावी तशा चढावर चालायला लागल्या. "ये बाबा, ये," त्या म्हणत होत्या, "लाजू नको, घर तुझंच आहे." गोटे घसरत होते, गुडघे करकरत होते, पण मागे वळून पाहायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पार वर पोचल्यावर वळल्या. खाली गोट्यांवर चांदीचा तुकडा उड्या मारत होता.

बास होता. काट्याची पाठ, मिजासखोर तोंड. त्यांचा. अजयचा नाही, उदयचा नाही, त्यांचा स्वतःचा. खाली उतरून त्यांनी त्याला पदरानेच दाबून धरलं आणि मनातल्या मनात तुकड्या पाडल्यासुद्धा. डोकं विहीणबाईंना, मानाचं.

"आफ्टरनून, मॅडम." समोर जाड बुटांचा एक माणूस उभा. छातीवर बिल्ला, हातात पट्टी. मासळी खात्याचा इन्स्पेक्टर.

यमुनाबाईंनी ताबडतोब पर्स उघडून ते टीव्हीचं पत्रक दाखवलं. त्याने ते गंभीरपणे वाचलं, तितक्याच गंभीरपणे परत दिलं आणि गळ सोडवून मासा पट्टीवर ठेवला. नियम छत्तीस सेंटिमीटरचा होता. मासा भरला चौतीस.

"शेपूट नीट स्ट्रेट करा," यमुनाबाई म्हणाल्या.

त्याने केली. चौतीस.

"तोंड उघडा. ओपन माउथ!"

"सॉरी, मॅडम."

"माय फिश," त्यांचा आवाज चढला. "माय हँड. माय गेस्ट टुमारो!"

तेवढ्यात धापा टाकत उदय आला आणि मध्ये पडला. इन्स्पेक्टरने शांतपणे समजावलं आणि उदयने मराठीत सांगितलं, की हा अजून वयात आलेला नाही, याला पिल्लं झालेली नाहीत, एकदा होऊ द्यायची असतात म्हणून हा नियम.

यमुनाबाई माशाकडे वाकल्या. मासा कल्ले उघडत-मिटत होता. वडिलांच्या तळ्यातसुद्धा कोवळा जिताडा कुणी काढत नसे. काढला तर वडील मामलेदाराचीही भीडभाड ठेवत नसत. हे त्यांनी उदयला सांगितलं नाही. त्या स्वतःच उठल्या, मासा दोन्ही हातांत घेतला, घोट्याएवढ्या गार पाण्यात उतरल्या आणि त्याला सोडला.

"जा मेल्या," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी जरा खाऊन पिऊन ये."

परतीच्या वाटेवर उदयने मासळीवाल्यापाशी गाडी थांबवली आणि दोन बास आणले, शेतीत वाढवलेले, ग्रीसचे, एका मापाचे. यमुनाबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या. नको म्हणाल्या नाहीत.

रविवारी मधुमतीबाई आल्या, अजय आला. माशाला चिंच-लसणाचं वाटण लागलं होतं, कढीपत्ता तडतडला होता, आणि मानाचं डोकं विहीणबाईंच्या ताटात टुकटुक बघत होतं. मधुमतीबाईंनी घास घेतला. डोळे मिटले.

"हं," त्या म्हणाल्या. "शेवटी समुद्राचा तो समुद्राचा. मान गये, यमुनाताई. ताजेपणा लपत नाही."

झालं. एवढ्यासाठीच तर होता सगळा खटाटोप. उदयने सुटकेचा श्वास सोडला. निवेदिताने पाण्याचा पेला उचलला. यमुनाबाईंनी फक्त मान हलवून गप्प बसायचं होतं. पण त्या ताटातल्या ग्रीसच्या माशाकडे पाहत राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत गेली. हे शेतातलं सुस्त पोर माझा मासा म्हणून मिरवणार? आणि ज्याने मला गोट्यांवरून फरफटवलं, त्याचं नावही निघायचं नाही?

"हा विकतचा आहे," त्या म्हणाल्या.

उदयच्या हातातून तुकडी पडली.

"आई..."

"तू गप रे. विकतचा आहे, विहीणबाई, आणि ताजेपणा तुम्हाला कळत नाही. माझा याच्याहून देखणा होता. काल मी स्वतः काढला, या हातांनी. चौतीसचा भरला, छत्तीसचा कायदा. सोडला मी. कोवळा होता."

मधुमतीबाईंनी डोक्याकडे पाहिलं, डोक्याने मधुमतीबाईंकडे. पण त्यांना बोलायची संधीच मिळाली नाही, कारण अजय खुर्चीतून अर्धा उठला होता.

"मावशी, खरंच? किनाऱ्यावरून? बास?" तो म्हणाला. "मी चार समर ट्राय करतोय. चार! एकसुद्धा नाही."

"तू तर ट्राउट धरतोस ना?" यमुनाबाई गोड आवाजात म्हणाल्या.

"ते तळ्यात सोडलेलेच असतात हो. कुणीही धरेल."

"अजय, भात घे," मधुमतीबाई म्हणाल्या.

पण अजय आता कुणाचं ऐकणारा नव्हता. त्याने ताट बाजूला सारलं. "मावशी, एक सांगा फक्त. सॉफ्ट प्लास्टिक लावलं होतं ना? साइझ कुठला? सगळं तिथेच अडतं. मी तीनच्या खाली जाऊन आलो, पाचवर आलो, काही जमत नाही. कुठला लावला होता?"

टेबलावर सगळ्यांच्या माना यमुनाबाईंकडे वळल्या. काल गाडीत उदयने केनच्या रबराचं खरं ते सांगून टाकलं होतं, आणि उरलेला रस्ता आई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

यमुनाबाईंनी सावकाश हात पुसला. मग सगळ्यांना दिसेल असा तो टेबलावर ठेवला आणि ताणला, अंगठा या टोकाला, करंगळी त्या टोकाला.

"एवढा," त्या म्हणाल्या.

"सिक्स इंच? समरमध्ये?" अजय थक्क झाला.

उदयने तोंड उघडलं. यमुनाबाईंनी शेजारची सगळ्यात मोठी तुकडी उचलून त्याच्या ताटात टाकली. "खा तू. काटे बघ."

अजयने आपला पंजा त्यांच्या पंजाशेजारी ठेवून माप जुळवायला घेतलं. यमुनाबाईंनी क्षणभर विचार केला.

"बायकांची वीत लहान असते रे," त्या मायेने म्हणाल्या. "तू आपला थोडा मोठाच घे."